तो वाचेल

पाकीट पेन्शन कचेरीचं होतं. काका झोपाळ्यावर बसले होते, काकू आत उसळीला फोडणी देत होती, आणि मी नेहमीच्या सवयीने पाकिटाची कड फाडून कागद उलगडला, घसा साफ केला. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरात आलेलं कुठलंही सरकारी पत्र, बिल, म्युनिसिपालिटीची नोटीस टीव्हीशेजारी माझी वाट बघत पडून राहायची, कारण काकूला इंग्रजीचा कंटाळा आणि कचेरीतल्या गुजरातीचा त्याहून जास्त. मी मांजलपूरहून आले की चहाच्या आधी वाचन, मग चहा. त्या दिवशी काका म्हणाले, ‘राहू दे गं. तेवढा कागद स्कॅनरवर उलटा ठेव. तो वाचेल.’

मी कागद ठेवला. झाकण बंद केलं. आत दिव्याची पट्टी सरकल्याचा घर्र आवाज आला आणि थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधून तो बोलायला लागला. नाकात, सपाट, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. हयातीच्या दाखल्याची मुदत, खाते क्रमांक, खाली कुणाची तरी सही. अंकांवर अडखळला, एका शब्दाचा पार चोथा केला, पण काका मान डोलवत होते. मला चहा आला. चहात आलं, गवती चहा, सगळं जागच्या जागी होतं, आणि तरीही मला काहीतरी लागलं होतं. परत जाताना रिक्षात, सूरसागरच्या महादेवाला लांबून हात जोडताना लक्षात आलं, की मला राग आलाय. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं. एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचा राग यायचं वय आता राहिलेलं नाही.

काकांचा काचबिंदू हळूहळू आला. काचबिंदू कडेकडेने खात येतो, त्यामुळे माणसाला बराच काळ पत्ताच लागत नाही. काका दारांच्या चौकटींना धडकायचे आणि आम्ही म्हणायचो, जरा लक्ष ठेवून चाला. नोकरी न्यायमंदिरात झालेली, कोर्टाच्या कारकुनीत. अक्षर मोत्यासारखं, वाचन दांडगं. मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीत त्यांचं लहानपण गेलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणून जी ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तिची ही मध्यवर्ती शाखा. मजल्यांच्या जमिनी काचेच्या, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. काका सांगतात, लहानपणी त्या काचेवर पाऊल टाकायला भीती वाटायची, खालून माणसांची डोकी धूसर हलताना दिसायची. पुढे दृष्टी अगदी गेल्यावर एकदा मी त्यांना तिथे घेऊन गेले होते. पायाने चाचपून म्हणाले, ‘हो, हीच ती काच, गार लागते.’ पुस्तक काही घेतलं नाही.

ब्रेल त्या वयात बोटांना जमेना. फोन होताच, आणि फोनवर ते बोलतात, बातम्या ऐकतात, भजनं लावतात. पण फोनच्या गुळगुळीत काचेवर दोन पानं मजकूर लिहायचा म्हणजे शिक्षा, आणि काकांना लिहायचं होतं. कोर्टात पाहिलेल्या माणसांबद्दल काहीतरी, काय ते आम्हाला सांगत नव्हते. घरात भाच्याने टाकून दिलेला जुना कॉम्प्युटर होता, त्याच्यावर नवी विंडोज चालेना. अंधांसाठीचं विकतचं नावाजलेलं सॉफ्टवेअर पेन्शनीत बसेना. तेव्हा सलाटवाड्यातला एक मुलगा आला, एम. एस. विद्यापीठात एम. ए. करणारा, जन्मापासून न दिसणारा. काठी दाराशी उभी केली, बूट नीट जोडीने ठेवले, खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणाला, ‘काका, मॉनिटर नसला तरी चालेल.’

काकूला ते पटलं नाही, तिने मॉनिटर पुसून लख्ख केला. मुलाने पेन ड्राइव्ह लावून मशीन चालू केलं आणि कान देऊन बसला. मशीनने टिट् केलं. त्याने एस दाबला, मग एंटर. थोडा वेळ शांतता, आणि मग तो आवाज पहिल्यांदा आमच्या घरात बोलला. विंडोजच्या जागी चालणारी, डेबियन नावाची ही सगळी लिनक्स यंत्रणा त्याने त्या आवाजाशी बोलत, आकडे दाबत, अधूनमधून काकूच्या चिवड्याची मूठ भरत उतरवली. पडद्याकडे बघणारे फक्त आम्ही दोघी होतो आणि आमची कुणाला गरज लागली नाही. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली बाई. या कामासाठी मला माऊस, पडदा, चष्मा आणि शक्यतो कुणीतरी शेजारी लागतं.

आता त्या मॉनिटरवर क्रोशाचं कव्हर आहे. काकूने विणलं, मोरपंखी काठाचं. काका तो मॉनिटर लावतच नाहीत, उगाच वीज कशाला. झाकलेल्या पडद्यासमोर ताठ बसून माणूस भराभरा टाइप करतोय आणि मशीन त्याच्याशी अखंड बोलतंय, हे दृश्य बघायची सवय व्हायला मला वेळ लागला. मुलाने पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवली. कॅप्स लॉक धरून एच दाबायचं, मग कुठलीही कळ दाबली तरी काही बिघडत नाही, ती कळ काय करते तेवढं ऑर्का, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, सांगतो. एस्केप दाबलं की शिकवणी संपली. काका संध्याकाळभर नुसत्या कळा दाबत बसले होते. बोटं आधी एफ आणि जेवरच्या बारीक उंचवट्यांवर ठेवायची, तिथून सगळं मोजायचं. ते उंचवटे माझ्याही कळफलकावर आहेत, आयुष्यात कधी बोटाला लागले नव्हते. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीत एफवर ऱ्हस्व वेलांटी, जेवर र, केवर क. डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा, उजव्याला बरीचशी व्यंजनं. काका म्हणाले, ‘हे कुणीतरी डोकं लावून केलंय.’ त्यांच्याकडून हे प्रशस्तिपत्रक सहसा मिळत नाही.

मी एकदा त्यांना विचारलंच. म्हटलं, काका, हा आवाज किती वाईट आहे! हल्ली किती छान, माणसासारखे आवाज निघालेत. मी वाचलं तर निदान जिथे थांबायचं तिथे थांबते, कळवळून वाचते.

‘त्याचाच तर त्रास,’ ते म्हणाले.

मग जे बोलले ते आधी कधी बोलले नव्हते. कोर्टात असताना निरक्षर पक्षकारांना कागद वाचून दाखवायचं काम अनेकदा त्यांच्याकडे यायचं. खाली लिहायचं, ‘मजकूर वाचून दाखवला, समजला, कबूल आहे,’ आणि अंगठा घ्यायचा. ‘ती बाई माझ्या तोंडाकडे बघायची. मी एखादी ओळ भराभर वाचली तर ती ओळ तिच्यापुरती नसल्यात जमा. एखाद्या शब्दावर जोर दिला तर तिच्या पोटात गोळा. मी कधी लबाडी केली नाही, पण माझ्या हातात किती होतं ते मला रोज कळत होतं. आता मी त्या बाईच्या जागी आहे. तू वाचतेस तेव्हा बिलाचा आकडा मोठा असला की आधी श्वास घेतेस. डॉक्टरांचा रिपोर्ट वाचताना आवाज गोड करतेस. मला रिपोर्टआधी तुझा आवाजच वाचावा लागतो. याला काही वाटत नाही. याला घाई नाही, दया नाही. हा दमतही नाही. एक ओळ दहा वेळा विचारली तर दहाव्या वेळी तशीच सांगतो.’

काकू पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. ती काही बोलली नाही, आणि तिने न बोलायचं कारण मला माहीत होतं. सकाळचं वर्तमानपत्र ती वाचून दाखवायची. मथळे, अग्रलेख, राशिभविष्य, श्रद्धांजलीचं पान. त्या शेवटच्या पानावर काकांच्या वयाची माणसं रोज येत होती, आणि त्यातली ओळखीची नावं काकू गाळत होती. प्रेमानेच. आधीच यांची तब्येत तोळामासा, त्यात सकाळी सकाळी कशाला. मग कॉम्प्युटर आला, काका स्वतः बातम्या उघडून वाचायला लागले, आणि एका वर्षश्राद्धाच्या जाहिरातीत त्यांना त्यांचा न्यायमंदिरातला जिवलग भेटला. वर्षश्राद्ध. म्हणजे तो जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षभरात काका अधूनमधून म्हणत होते, त्याचा फोन नाही आला बरेच दिवसांत, मुलाकडे गेला असेल अमेरिकेला. काकूने त्या दिवशी पदराने डोळे पुसले. भांडण असं झालं नाही. पण त्यानंतर वर्तमानपत्र काका स्वतःच वाचतात. काकू बाजूला बसून तांदूळ निवडते आणि तो आवाज तिलाही ऐकू येतो. मला अजूनही ठरवता येत नाही, की तिने केलं ते चूक होतं का. मीही कदाचित तेच केलं असतं. काकांची बाजू बरोबर आहे हे पटतं आणि तिची बाजू सोडवत नाही.

या आवाजाच्या मागे कोण आहे, याचा शोध मी थोडा चिडूनच घ्यायला लागले. आवाजाचं नाव ईस्पीक. जोनाथन डडिंग्टन नावाच्या इंग्रज माणसाने १९९५ साली ॲकॉर्न नावाच्या, आता कुणाच्या लक्षातही नसलेल्या कॉम्प्युटरसाठी ‘स्पीक’ लिहिला, त्याचा हा वंशज. कुणा माणसाचा आवाज यात रेकॉर्ड केलेला नाही. स्वर आणि व्यंजनं गणिताने तयार होतात, म्हणून तो इतका लहान, इतका चपळ, आणि कानाला इतका कठोर. मुळात त्याची गती मिनिटाला १७५ शब्दांची, ती ४५०पर्यंत वाढवता येते. रेकॉर्ड करून जोडलेले गोड आवाज तेवढ्या गतीला अनेकदा विरघळून जातात, याचे सांधे मात्र उघडेच असतात म्हणून शब्द सुटा ऐकू येतो. सलाटवाड्यातला मुलगा त्याच्या मशीनवर ज्या वेगाने ऐकतो त्यातलं मला एक अक्षर कळत नाही. काका मध्यम गतीवर आहेत. मूळ लेखकाकडून काम थांबलं तेव्हा २०१५च्या अखेरीस रीस डन आणि आणखी काही जणांनी तो उचलला, म्हणून आता ईस्पीक एनजी. त्याला मराठी येतं, गुजराती येतं, आणि पानावर भाषा बदलली की काका आवाज बदलतात. आमच्या घरात एका वाक्यात तीन भाषा असतात, तिथे त्याची जरा तारांबळ उडते.

गंमत म्हणजे १९९५ हेच साल पुन्हा पुन्हा समोर येत होतं. ब्रेलच्या उपकरणाला लिनक्स जोडणारा बीआरएलटीटीवाय याच साली निखिल नायर यांनी सुरू केला. आणि ईमॅक्स नावाच्या लिहायच्या प्रोग्रॅमला बोलतं करणारा ईमॅक्सस्पीकही याच सालचा, टी. व्ही. रामन यांचा. रामन पुण्याचे. चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली, वाडिया कॉलेजातून गणित, मग मुंबईची आयआयटी, मग अमेरिकेत कॉर्नेलला पीएच. डी. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी काकांना भरदुपारी फोन केला. काकांना आनंद झाला तो काचबिंदूचा. ‘आमचाच माणूस,’ म्हणाले. त्याच साली सप्टेंबरात अख्खा देश गणपतीला दूध पाजायला रांगेत उभा होता, आम्हीही होतो, वाटी घेऊन. जगात तेव्हा दुसरीकडे कुणी काय करत होतं ते आम्हाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

रामन यांचं म्हणणं मला फार मोलाचं वाटलं. पडदा वाचून दाखवणं म्हणजे मजकूर सांगणं नव्हे, असा त्याचा साधारण आशय. त्यांचं उदाहरण कॅलेंडरचं. बघणाऱ्याला महिन्याचं चौकटींचं पान दिसतं आणि नजर वर गेली की वार कळतो. तेच पान जसंच्या तसं वाचलं तर ऐकू येतं एक, दोन, तीन, चार, आणि ऐकणारा वार शोधत बसतो. ईमॅक्सस्पीक तारखेवर गेलं की सरळ वार, तारीख, महिना, वर्ष सांगतो. चौकटी हा बघणाऱ्याचा प्रश्न आहे, ऐकणाऱ्याच्या माथी तो कशाला मारायचा? मला आमच्या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका आठवली. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, एकादशीचं टिंब, सगळं त्याच एका पानात. काकूने ते पान काकांना वाचून दाखवायचं म्हटलं तर कुठून सुरू करेल?

काकांच्या मशीनवर वाचतो तो ऑर्का. ईस्पीक हा नुसता गळा, काय बोलायचं ते ऑर्का ठरवतो. तो सुरू केला मार्क मलकाही यांनी, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये, तेही स्वतः अंध. २००६पासून तो ग्नोम नावाच्या डेस्कटॉपबरोबर येऊ लागला. २०१०मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली आणि हे काम करणाऱ्या तिथल्या मंडळींची वाताहत झाली. तेव्हा जोनमेरी डिग्ज या बाईंनी ते खांद्यावर घेतलं आणि पुढे वर्षानुवर्षं तो मुख्यतः त्यांच्यामुळे चालला. हे वाचताना मला झोप लागली नाही. माझ्या काकांचं पेन्शनचं पत्र, त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचं ते गुप्त लिखाण, सगळं सातासमुद्रापार बसलेल्या मोजक्या माणसांच्या चिकाटीवर तोललेलं. सेंट्रल लायब्ररीला राजा होता. पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी पाठवायच्या असं त्याने ठरवलं आणि खजिन्यातून पैसे निघाले. या वाचनालयाचा राजा कोण? अलीकडे जर्मन सरकारच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला दहा लाख युरो दिले, २०२३मध्ये, आणि त्यातला वाटा या कामालाही गेला. चांगलं झालं. पण ‘फुकट आहे ना, मग काय’ असं कुणी म्हणालं की आता माझं डोकं फिरतं.

आणि हो, तो बिघडतो. एकदा अपडेटनंतर सकाळी मशीन मुकं झालं. आवाजाच्या खालच्या व्यवस्थेत काहीतरी बदललं होतं. आपल्याकडे पडद्यावर निदान काहीतरी दिसतं. काकांना मशीन चालू आहे की मेलंय हेही कळेना. डब्याच्या बाजूला तळहात टेकून ते पंख्याची थरथर बघत होते. ऑल्ट, सुपर, एस दाबून पाहिलं, म्हणजे ऑर्का मिटतो किंवा उठतो. काही नाही. मुलाला फोन केला. तो म्हणाला, पडदा बघणारं कुणी आहे का घरात? मी होते. क्रोशाचं कव्हर काढलं, फोन कानाला लावला आणि दिसेल ते वाचत गेले, तो सांगेल ते टाइप करत गेले. आणि खरं सांगते, त्या अर्ध्या तासात मला फार बरं वाटत होतं. आवाज परत आला तेव्हा काका दीर्घ श्वास टाकून म्हणाले, ‘आला,’ आणि माझ्या पोटात अगदी थोडंसं काहीतरी खाली गेलं.

मुलगा म्हणतो, हे असे धक्के बसत राहणार. पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी व्यवस्था जाऊन वेलँड आली. तिचा नियम चांगला आहे, एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या कळा चोरून ऐकायच्या नाहीत, दुसऱ्याच्या खिडकीत डोकवायचं नाही. चोराला आळा बसतो. पण वाचून दाखवणाऱ्याला तेच तर करायचं असतं. त्याला सगळ्या कळा ऐकाव्या लागतात, सगळ्या खिडक्यांत बघावं लागतं. घर बांधून झालं, मग त्याच्यासाठी दार ठेवायचं राहिलं हे लक्षात आलं, आणि आता हळूहळू भिंत फोडून दारं बसवताहेत. बरीच कामं मार्गी लागलीत म्हणे.

पण रोजचा छळ याहून साधा आहे. कुठल्याशा सरकारी साइटवर काका टॅब दाबत जातात आणि तो म्हणतो, ‘बटण.’ पुन्हा टॅब. ‘बटण.’ पुन्हा. ‘बटण.’ त्यातलं एक बटण अर्ज पाठवतं, एक अर्ज पुसतं. बनवणाऱ्याने छान रंगीत चित्र काढलंय आणि त्याला नाव द्यायचं राहून गेलंय. दोन शब्दांचं काम. बडोद्याच्या एका मंडळाची संमेलनाची पत्रिका आली होती, जुन्या फॉन्टातली. श्रीलिपी, शिवाजी किंवा गुजरातीतला टेराफॉन्ट, या जुन्या फॉन्टांत डोळ्यांना ‘सस्नेह निमंत्रण’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो बिचारा तीच वाचतो. डॉलर, कंस, अधिक, कंस. काका पाच मिनिटं ऐकत बसले. मग म्हणाले, ‘बोलावणं मनापासून दिसतंय.’ मी मंडळात फोन करून युनिकोडमध्ये, म्हणजे आतही देवनागरीच साठवलेली असते तशा पद्धतीत, पाठवा म्हटलं, तर पलीकडून उत्तर आलं, ‘ताई, काकांना कुणीतरी वाचून दाखवा ना घरात.’ माणूस भला होता. म्हणूनच त्याला काय समजावायचं ते मला सुचेना.

आता माझ्याकडे दुसरं काम आलंय. काकांच्या माळ्यावर जुने दिवाळी अंक आहेत, त्यांच्या वडिलांपासूनचे, वाळवीने कडा खाल्लेले. मी रविवारी जाते, एकेक पान काचेवर ठेवते, झाकणावर हाताने हलका दाब देते म्हणजे पुठ्ठ्याची घडी सपाट होते. पानांना कापूर आणि उंदीर असा मिश्र वास. टेसरॅक्ट नावाचा प्रोग्रॅम चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करतो. १९८५ साली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये सुरू झालेला, २००५मध्ये सगळ्यांसाठी खुला झालेला. जुन्या छपाईतला ख त्याला र आणि व वाटतो. त्यामुळे खाणं झालं रवाणं, खरं झालं रवरं, आणि एका कथेची नायिका पान उलटेपर्यंत खिडकीऐवजी ‘रिवडकी’त उभी होती. काका ऐकतात, थांबवतात, कानाने चूक पकडतात, बोटांनी दुरुस्त करतात. मला दिसत असून माझ्या नजरेतून अर्ध्या चुका निसटतात, कारण मी शब्दाचा अंदाज घेत वाचते. त्यांना अंदाजाची सोय नाही. जिथे मूळ छापणाऱ्याचीच चूक आहे तिथे आमचं जुंपतं. मी म्हणते सुधारू या. ते म्हणतात, जे छापलंय तेच राहील, आपण कोण?

मागच्या रविवारी एक पान आलं, त्यावर मजकूर नव्हताच. तो गप्प. काका म्हणाले, ‘कोरं आहे का?’

‘नाही, चित्र आहे. बाई आहे एक, पणती लावतेय. फार सुंदर आहे, काका.’

‘सुंदर राहू दे. काय आहे ते सांग.’

मी पुन्हा सुरू केलं. बाई बसलेली आहे, उजवा गुडघा उभा. हातात पणती. नऊवारी. डोक्यावर पदर नाही, खांद्यावर आहे. नाकात नथ. चेहरा जरा उदास…

‘उदास तुला वाटतोय की तोंड खाली आहे?’

‘तोंड खाली आहे.’

‘मग तेवढंच. साडी कसली?’

‘छपाई काळी-पांढरी आहे काका, रंग नाही कळत. काठ आहेत.’

‘रुंद की बारीक?’

मी पान उचलून उजेडात धरलं. आतून काकू म्हणाली, ‘रुंदच असणार. त्या काळात बारीक काठ कोण नेसायचं!’

‘तू बघितलंस का?’ काका तिच्या दिशेने मान वळवून म्हणाले, आणि कळफलकावर बोटं ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत राहिले. काठ बारीकच होते. मी तसं सांगितलं, आणि काकू लाटणं हातात घेऊनच बघायला बाहेर आली.